मुक्या गाडीची पारख

निजाम पिंजारी यांना माणसं फारशी आवडत नसत, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. द्वारकेच्या चौकातून जुन्या नाशिकच्या बाजूला वळलं की एका लाकडाच्या वखारीमागे त्यांचं गॅरेज आहे. गॅरेजला पाटी नाही, कारण पाटी वाचून येणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडीतलं काही कळत नसतं असं त्यांचं ठाम मत. बसायला बाकही नाही. बाक टाकला की माणसं बसतात, बसली की बोलतात, आणि बोलायला लागली की गाडी मायलेज किती देईल ते विचारतात. मायलेज विचारणाऱ्याकडे निजामभाई एकदाच मान वर करून बघत आणि पुन्हा खाली बघून कामाला लागत. त्या बघण्याने शहाणा माणूस गाडी ढकलत दुसऱ्या गॅरेजला जाई.

रविवारी गंगापूरच्या रस्त्याला मिसळ खायला निघणारे डॉक्टर आणि बिल्डर तर त्यांच्या डोक्यात जात. अंगात जाडजूड जाकीट, हेल्मेटला कॅमेरा, गुडघ्याला प्लास्टिकच्या वाट्या, आणि गाडी जरा चिखलात गेली की दोन्ही पाय जमिनीला लावून बदकासारखी ढकलणार. अशांची गाडी निजामभाई दुरुस्त करून देत, पण चावी हातात देत नसत, सीटवर ठेवत. स्वतःच्या पोरालाही त्यांनी सोडलं नव्हतं. थोरला हुजैफा मोबाइलच्या कव्हरांचं दुकान चालवतो आणि बरं चालवतो. त्याची कोणी चौकशी केली तर निजामभाई सांगत, तो फोनना कपडे घालतो.

हा तिरस्कार काही आकाशातून पडलेला नव्हता. वडील खांद्यावर धनुकली टाकून निफाड, सायखेड्याच्या गावांतून कापूस पिंजत, गाद्या-रजया भरत फिरायचे. लहानगा निजाम बरोबर असायचा. संध्याकाळी काम आटोपून निघताना घरधनी वडिलांच्या पिशवीत हात घालून बघायचा, कापूस तर नाही ना नेत. वडील हसत पिशवी उघडून दाखवायचे. ते हसणं निजामला आवडायचं नाही. पिशवीत हात घालणाऱ्यांबरोबर पिशवी उघडणाऱ्यावरही त्याला राग यायचा. मिसरूड फुटायच्या आत त्याने कापसाला रामराम ठोकला आणि द्वारकेच्या एका गॅरेजमध्ये नटबोल्ट धुवायला लागला.

तिथे एक गोष्ट उघड झाली. या पोराला गाडी ऐकू येते. बाकीचे मेकॅनिक इंजिन खोलून जे शोधत, ते हा बाहेरून सांगे. पुढे जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घेऊन तो मातीच्या शर्यतींत उतरला, चिखल खाल्ला, हाडं मोडून घेतली आणि कप जिंकले. ते कप मेहरुन्निसाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, लग्न झाल्यावर डाळी-तांदूळ मोजायला वापरले. शर्यती सुटल्या, पण नाव राहिलं. निफाड तालुक्यात गाडी घ्यायची, नवी असो की जुनी, तर ती आधी निजामभाईंना दाखवायची, असा रिवाजच पडला. काहीजण शोरूमची गाडी थेट त्यांच्या दारात आणत आणि हार-नारळ पिशवीतच ठेवत. निजामभाईंनी होकार दिला तर नारळ फुटायचा.

त्यांची पारख करायची रीत ठरलेली होती. गाडीच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, उजवा हात हँडलवरून पलीकडे नेऊन दोनदा रेस द्यायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मालक काही सांगू लागला तर डावा हात वर करून त्याला गप्प करायचं. मग दोनच शब्द. एक तर "घ्या," नाही तर "नेऊन टाका." कारण विचारणाऱ्याला कारण मिळत नसे. इतक्या वर्षांत त्यांचं कोणी चुकलेलं पाहिलं नव्हतं. चुकलं असेल त्याने सांगायचं धाडस केलं नव्हतं.

सायखेड्याचे सावळीरामभाऊ त्यांच्या खास विश्वासातले. नदीकाठी द्राक्षबाग, घरात पैसा, आणि गाड्यांच्या बाबतीत अक्कल शून्य, हे निजामभाईंचं मत. त्यांनी ते सावळीरामभाऊंना तोंडावर सांगितलेलं होतं आणि सावळीरामभाऊंना ते पटलेलंही होतं. त्यांची मुलगी वेदिका शाळेत असताना बापाची मोपेड घेऊन बांधांवरून उड्या मारायची. ती मोपेड मोडून गॅरेजला आली तेव्हा निजामभाईंनी पोरीला विचारलं की ही गाडी उडवली का पुरली. तिने सांगितलं, उडवली, पण उतरताना पुढचं चाक आधी लागलं. बाकी सगळं जग गाडीला दोष देतं, ही पोरगी आपल्या उतरण्याला देते. निजामभाईंनी तिला शिकवायला घेतलं. शिकवणं म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत पाणउतारा. ती तो ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी नेमकी तीच चूक करायची नाही. चार जिल्ह्यांच्या शर्यतींत मुलींच्या गटात तिचं नाव व्हायला लागलं तसा निजामभाईंनी तिचा आणखी पाणउतारा सुरू केला.

घोडं अडलं ते आवाजापाशी. जुनी द्राक्षं उपटलेल्या मोकळ्या वावरात वेदिका सराव करायची आणि तिच्या पेट्रोलच्या गाडीचा आवाज नदीपलीकडे जायचा. शाळेच्या गुरुजींनी तक्रार केली, म्हाताऱ्यांनी केली, शेवटी ग्रामपंचायतीने सांगितलं की गावात हे चालणार नाही. लांबच्या ट्रॅकवर पोरीला रोज एकटी धाडायला सावळीरामभाऊ तयार नव्हते. एकच वाट उरली होती, बॅटरीवर चालणारी डर्ट बाइक. रस्त्यासाठी नव्हेच ती, फक्त मातीसाठी, आणि आवाज जवळजवळ नाही. वेदिकाने सगळी माहिती काढली, दोन दिवस वापरून बघायला गाडी मागवली. बापाने एकच अट घातली. निजामभाई "घ्या" म्हणाले तर गाडी घेऊ, नाहीतर गाडीचा नाद कायमचा बंद. पोरीचं सगळं त्या एका शब्दावर टांगलं होतं आणि तो शब्द निजामभाईंच्या तोंडात होता.

निजामभाईंनी तो तिथे आधीच चावून टाकला होता. बॅटरीची गाडी म्हणजे त्यांच्या मते गाडीच नव्हे. ज्यांना क्लच जमत नाही त्यांच्यासाठी काढलेलं खेळणं. सायखेड्याला निघायच्या दिवशी मेहरुन्निसाने चहा देताना विचारलं, की गाडी बघायला चाललात का तिला नापास करायला. निजामभाईंनी चहा संपवला. उत्तर तिला माहीत होतं.

बागेत द्राक्षांची काढणी चालू होती. पॅकिंगच्या शेडसमोर रिकाम्या क्रेटची थप्पी लागलेली, बायका खाली बसून घडांतले खराब मणी कात्रीने काढत होत्या. शोरूमचा रोहित नावाचा मुलगा गाडी टेम्पोतून उतरवून इंग्रजीत बरंच काही बोलला. निजामभाई त्याच्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघत राहिले. पांढरे बूट. मातीची गाडी विकायला पांढरे बूट घालून आलेला माणूस. रोहित कागदावर सह्या घेऊन निघून गेला तेव्हा कोणाला वाईट वाटलं नाही.

मग वेदिकाने गाडी समजावून सांगितली, आणि चाचा ऐकतात की नाही याची पर्वा न करता सांगितली. क्लच नाही, गिअर नाही. डाव्या हाताला क्लचच्या जागी मागचा ब्रेक. एक लाल दोरी, तिच्या टोकाला चुंबक. दुसरं टोक मनगटाला बांधायचं आणि चुंबक हँडलजवळच्या खाचेत लावायचं. चालवणारा पडला की चुंबक सुटतं आणि गाडी मरते. चुंबक लागलं, बटण दाबलं की हिरवा दिवा. "चाचा, हिला न्यूट्रल नाही. हिरवा दिवा असला की गाडी चालूच आहे असं समजायचं. ॲक्सिलेटरला हात लावायचा नाही."

निजामभाई म्हणाले की त्यांनी तिच्या बापाच्या लग्नाआधीपासून गाड्या हाताळल्या आहेत. ते वाक्य खरं होतं आणि त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

पण माणसाचा हात बेइमानी करत नाही, ही त्यांची अडचण. नापास करायला आले होते तरी गाडी समोर आल्यावर हातांनी काम सुरू केलं. वेदिकाला हेल्मेट, बूट, सगळं घालून गाडीवर बसवलं आणि मागचा शॉकअप किती दबतो ते टेप लावून पाहिलं. जेवढा त्याचा एकूण खेळ, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका दबायला हवा. हा जेमतेम हलला. गाडी कुठल्या तरी धिप्पाड गोऱ्यासाठी बांधलेली, आणि वर बसलेली सायखेड्याची सडपातळ पोरगी. निजामभाईंनी बनवणाऱ्याला दोन शिव्या घालून स्प्रिंगची रिंग सैल केली, पुन्हा बसवलं, पुन्हा मापलं. मागचं चाक खड्ड्यातून उसळून परत येताना फार झटका देऊ नये म्हणून तळाचा स्क्रू थोडा थोडा फिरवत राहिले. हँडल किंचित मागे घेतलं. ब्रेकचे लिव्हर खाली वळवले, उभं राहून चालवताना मनगट सरळ राहावं म्हणून. टायरमधली हवा कमी केली, वाळूत पकड यावी म्हणून. स्पोक एकेक वाजवून पाहिले, चेन ओढून पाहिली.

मग वेदिकाने फोन काढून गाडीचा पहिला जोर कमी केला, आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर मोटर जो ब्रेक लावते तोही. वाळूत तो जास्त असला तर पुढचं चाक रुतेल, असं तिचं म्हणणं. निजामभाईंना ते पटलं आणि म्हणूनच त्यांनी विचारलं, की गाडी शिकवायची असते का फोनवरून समजूत काढायची असते. शेडमधल्या बायका हसल्या. वेदिकाही हसली, पण तिने फोनवरचं जे बदललं होतं ते तसंच ठेवलं.

ती गाडी घेऊन वावरात गेली. काळी माती, मध्ये नदीच्या गाळाचा पट्टा, उपटलेल्या वेलींचे खड्डे. गाडी गेली आणि निजामभाईंना काहीच ऐकू आलं नाही. चेनची किणकिण, टायरखाली ढेकळं फुटल्याचा आवाज, एवढंच. ते नेहमी डोळे मिटून बघत. आज डोळे मिटले तर काही उरलं नाही. त्यांना डोळे उघडून बघावं लागलं आणि जे दिसलं त्याने ते जास्तच चिडले. गाडी सरळ जात होती. खड्ड्यात मागचं चाक हलत होतं तेवढंच हलायला हवं होतं. गाळात पुढचं रुतलं नाही. वळणावर वेदिका जशी हवी तशी पुढे झुकून बसली होती. त्यांनी गाडीवर फवारणीच्या पाइपने पाणी मारायला लावलं, मनात आशा होती की बंद पडेल. बंद पडली नाही. बांधावरून तीनदा उडवायला लावली. उतरली, मागचं चाक आधी टेकवून.

दुपारी वेदिका परत आली, गाडी शेडपाशी लावली, बटण दाबून बंद केली, मनगटावरची दोरी सोडून निजामभाईंच्या हातात दिली आणि तोंड धुवायला नळाकडे गेली. बायका जेवायला सावलीत सरकल्या होत्या. कुसाबाई तेवढी क्रेटच्या थप्पीपाशी आपल्या राहिलेल्या घडांचे मणी काढत बसली होती. सावळीरामभाऊ बागेच्या तोंडाशी ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होते. ते आता येणार होते आणि विचारणार होते.

निजामभाई गाडीजवळ उभे राहिले. त्यांना एक खोट हवी होती. सकाळपासून शोधत होते, एवढीशी तरी सापडायला हवी होती. मोटर कुठेतरी घासत असेल, बेअरिंग कुरकुरत असेल. ऐकायलाच हवं. त्यांनी चुंबक खाचेत लावलं, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. आणि मग डाव्या अंगाला उभं राहून, उजवा हात हँडलवरून पलीकडे नेऊन, त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. डोळे मिटले आणि रेस दिली.

गाडी त्यांच्या हातातून गेली. जाताना मनगट पिरगाळून गेली, त्यांना तोंडावर मातीत पाडून गेली, कुसाबाईच्या पदराला वारा लागेल इतक्या जवळून गेली आणि क्रेटच्या थप्पीत घुसली. दोरी त्यांनी मनगटाला बांधलेली नव्हती. चुंबक जागेवरच राहिलं आणि आडव्या पडलेल्या गाडीचं मागचं चाक हवेत फिरत राहिलं. वेदिका धावत आली, तिने चुंबक ओढलं, चाक थांबलं. कुसाबाई हातातली कात्री घेऊन तशीच बसून होती. 

सावळीरामभाऊ पळत आले. आधी कुसाबाईला पाहिलं, मग निजामभाईंना उठवून बसवलं. "निजामभाई, काय झालं? सोताहून पळाली का काय?"

निजामभाईंचं मनगट सुजायला लागलं होतं. तोंडात माती होती. समोर सगळ्या बायका उभ्या होत्या. "भरवसा नाही हिचा," ते म्हणाले.

एवढं पुरेसं होतं. सावळीरामभाऊंनी खिशातून फोन काढला आणि रोहितला गाडी आत्ताच्या आत्ता उचलून न्यायला सांगतो म्हणाले. पोरीच्या सगळ्या वर्षांचा निकाल लागला होता, आणि निजामभाई जमिनीवर बसून आपल्या मनगटाकडे बघत होते.

वेदिका उभी होती. नळापाशी तोंड धुताना तिने सगळं पाहिलं होतं. ती निजामभाईंच्या तोंडाकडे बघत नव्हती, उजव्या हाताकडे बघत होती. मग ती बापाला म्हणाली, "पप्पा, फोन ठेवा. गाडीचा दोष नाही, चाचांचाही नाही. मी गाडी चालूच सोडून गेले. चाचांचा नुसता धक्का लागला असेल. माझी चूक आहे."

सावळीरामभाऊंनी फोन ठेवला, पण राग आवरला नाही. "तुझी चूक? कुसाबाईच्या अंगावर गेली असती मंग? तिच्या लेकरांना काय सांगितलं असतं मी? बस झालं. आता ही नाय अन् दुसरी बी नाय. गाडीला हात लावायचा नाय तू परत."

 वेदिकाने मान खाली घातली, जशी ती निजामभाईंपुढे घालायची, चूक आपली असताना.

निजामभाईंच्या दृष्टीने आता सगळं ठीक झालं होतं. त्यांचं नाव शाबूत होतं, मुकी गाडी परत जाणार होती, आणि त्यांना एक शब्दही जास्त बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण त्यांना गप्प बसवेना. त्यांना लोकांनी खडूस म्हटलेलं चालायचं, माजलेला म्हटलेलं चालायचं. या पोरीने त्यांना झाकलं होतं. म्हाताऱ्याचा हात चुकला, बिचारा, चारचौघांत लाजेल, म्हणून तिने त्यांच्या वडिलांसारखी आपली पिशवी उघडून दाखवली होती. आणि ते जमिनीवर बसून ती कीव घेत होते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी साठवलेली सगळी घाण त्यांना एकदम स्वतःच्या तोंडात आल्यासारखी वाटली.

"खोटं बोलतीये ती," ते म्हणाले. आवाज इतका कडवट होता की सावळीरामभाऊंना वाटलं ते पोरीवरच चिडलेत. "गाडी बंद करून दोरी माझ्या हातात देऊन गेली होती. मी लावली. बटण मी दाबलं. रेस मी दिली. हिला न्यूट्रल नसतो, हात लावू नका, हे सकाळी तिने मला समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दोरी हाताला बांधतात, तीसुद्धा बांधली नाही. शेंबड्या पोराने केली असती तर मी त्याला गॅरेजमधून हाकलला असता."

वेदिकाने मान वर केली.

"गाडीत खोट नाही," निजामभाई म्हणाले. "सकाळपासून शोधली, सापडली नाही. घ्या."

हा शब्द ऐकला की माणसं पिशवीतून नारळ काढत. सावळीरामभाऊंनी तो ऐकला, मान हलवली, आणि आडव्या पडलेल्या गाडीकडे पाहिलं, फुटलेल्या क्रेटकडे पाहिलं, कुसाबाईकडे पाहिलं.  मग ते मुलीकडे वळले. "तू सांग," ते म्हणाले. "तुला काय वाटतं? कशी हाय गाडी?"

वेदिका आधी अडखळली. चाचा समोर असताना गाडीबद्दल तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. मग बोलायला लागली. बॅटरीचं वजन खाली असल्यामुळे वळणावर गाडी कशी लवकर आडवी होते, गाळात काय झालं, सराव किती वेळ करता येईल, चार्जिंगला घरची लाईट पुरते का, दोरीची सवय सगळ्यांनाच कशी लावावी लागेल. पुढचा शॉकअप तिला अजून थोडा कडक वाटत होता. निजामभाईंनी तोंड उघडलं. पुढचा कडक नव्हता, पुढच्या टायरमध्ये हवा जास्त राहिली होती, आणि हे त्यांना तिला सांगायचं होतं. पण सावळीरामभाऊ मुलीचं ऐकत होते, बायका गाडी उचलायला पुढे झाल्या होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

कुसाबाई एव्हाना उठली होती. तिने माठातलं पाणी एका फडक्यावर ओतलं, ते निजामभाईंच्या मनगटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "चला बाबा, सावलीला बसा. वय झालं आता." निजामभाई उठले आणि सावलीला जाऊन बसले.